गहाणाचा कारभार आणि हिशेबाचा हक्क : भडगाव–पाचोरे भागातील शेतजमिनीच्या गहाणाविषयी

शेतकऱ्याच्या कर्जाचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी सामान्यतः व्याजाच्या दरावर खिळते. दर किती होता, तो कायद्याने किती असावयास हवा होता, सावकाराने त्यात कशी भर घातली, याच प्रश्नांभोवती बहुतेक विवेचन फिरत राहते. खानदेशातील गहाणव्यवहारांचा इतिहास पाहिला असता मात्र दुसराच एक प्रश्न अधिक मूलगामी ठरतो. गहाण पडलेल्या शेताचा कारभार कोणी पाहावयाचा? सारा कोणी भरावयाचा, माल कोणी विकावयाचा, आलेला पैसा व्याजात धरावयाचा की मुदलात, आणि कर्ज फिटले असे सांगण्याचा अधिकार कोणाचा? भडगाव–पाचोऱ्याकडील गहाण देणाऱ्या शेतकऱ्याच्या वतीने हा कारभार बहुधा दुसराच कोणी तरी पाहत असे. प्रथम तो सावकाराच्या हाती होता. पुढे कायद्याने न्यायालय आणि कलेक्टर यांना त्यात आणले, आणि १९२९ नंतर सहकारी भूतारण बँक पुढे आली. कारभारी बदलला, पण कारभाऱ्याकडून हिशेब मागून घेण्याची शक्ती कुळाच्या हाती कितपत आली, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने उभा राहिला.

भडगाव हे गिरणा नदीच्या काठचे जुने कसब्याचे गाव. इंग्रजी अमदानीत ते पाचोरे तालुक्यात मोडणाऱ्या पेट्याचे ठाणे होते. १९०६ साली खानदेशाचे विभाजन झाले तेव्हा हा सारा मुलूख पूर्व खानदेशात गेला. आज भडगाव हा जळगाव जिल्ह्यातील स्वतंत्र तालुका आहे. काळी कसदार जमीन, कापसाचे पीक आणि १८६० नंतरच्या दशकात पाचोरे व कजगाव या स्थानकांवरून धावू लागलेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, या तीन गोष्टींनी येथील जमिनीला बाजारात किंमत आणली. याच काळात रयतवारी पद्धतीच्या मोजणीमुळे प्रत्येक सर्व्हे नंबरास निश्चित खातेदार आणि निश्चित सारा लाभला. १८५२ मध्ये सावदे, फैजपूर, एरंडोल या बाजूस मोजणीला कडवा विरोध झाला होता, हे प्रसिद्धच आहे. मोजणी स्थिरावल्यावर मात्र तिचा एक परिणाम असा झाला की जमीन हे उत्तम तारण बनले. ज्या जमिनीचा मालक, क्षेत्र आणि सारा सरकारी दप्तरात नोंदलेला आहे, ती गहाण घेण्यास सावकार सहज तयार होई. पूर्वी तो मुख्यतः पिकावर आणि कुळाच्या पतीवर पैसा देत असे. आता तो शेतावर देऊ लागला.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाचे भाव अतोनात चढले आणि युद्ध संपताच उतरले. चढत्या भावाच्या भरवशावर काढलेली कर्जे उतरत्या भावात फेडावी लागली. अशा वेळी साध्या खतावरील कर्ज नजरगहाणात आणि नजरगहाण ताबेगहाणात रूपांतरित होणे हा दख्खनभर दिसणारा क्रम होता. नजरगहाणात शेत कुळाकडेच राही. ताबेगहाणात ते सावकाराच्या स्वाधीन होई. प्रत्यक्षात नांगर धरणारा मनुष्य पुष्कळदा तोच असे. मालक आपल्याच शेतात सावकाराचे कूळ म्हणून खंडाने किंवा बटाईने राबत असे. सरकारी खात्यावर नाव त्याचे, साऱ्याचा भरणा सावकाराचा, पीक सावकाराच्या दुकानी, आणि कापूस सावकाराच्याच आडत्यामार्फत पाचोऱ्याच्या किंवा जळगावच्या बाजारात जाई. त्याच दुकानातून बी, मीठ, कापड आणि लग्नाचा खर्च उधारीने येई, आणि ही सारी देवघेव एकाच खतावणीत पडे.

ही व्यवस्था केवळ फसवणुकीची होती असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. अवर्षणाच्या साली सरकारी हप्ता भरण्यास कुळाजवळ पैसा नसे आणि थकबाकीसाठी जमीन जप्त होण्याचा धोका असे. तेव्हा सावकाराने भरलेला सारा हाच जमीन वाचविणारा ठरे. अक्षरओळख नसलेल्या, बाजारापासून दूर असलेल्या कुटुंबास आपला व्यवहार पाहणारा कोणी तरी हवाच होता. कुळाने कारभार सोपविला तो नेहमीच नाइलाजाने नव्हे. कधी तो सोयीसाठीही सोपविला. खरी अडचण पुढे होती. कारभार पाहणारा आणि पैसा येणे असलेला मनुष्य एकच होता. ज्याचे येणे फिटू नये यात ज्याचा लाभ, त्याच्याकडेच ते फिटल्याचा दाखला मागावयाचा होता.

कायद्याला ही अडचण ठाऊक नव्हती असे नाही. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा मुंबई इलाख्यास १८९३ पासून लागू झाला. त्याच्या ७६ व्या कलमाने ताबा घेतलेल्या गहाणदारावर स्पष्ट कर्तव्ये घातली आहेत. साधारण शहाणपणाचा मनुष्य स्वतःच्या मालमत्तेची व्यवस्था पाहतो तशी त्याने ती पाहावी. उत्पन्न वसूल करण्याचा नेटाने प्रयत्न करावा. सरकारी देणे भरावे. मालमत्तेची नासाडी करू नये. जमाखर्चाचे स्वच्छ व पूर्ण हिशेब पावत्यांसह ठेवावेत आणि गहाण देणाऱ्याने खर्च सोसल्यास त्याच्या नकला द्याव्यात. शिल्लक राहील ती प्रथम व्याजात व मग मुदलात वजा घालावी. कागदावर याहून निर्दोष कारभारी कल्पिणे अवघड आहे. परंतु लगेच पुढचे ७७ वे कलम असे सांगते की, ताबा असेपर्यंत उत्पन्न हे व्याजाच्या ऐवजी घ्यावयाचे असा उभयपक्षी करार असेल तर हिशेब ठेवण्याचे व शिल्लक वजा घालण्याचे बंधन गहाणदारावर राहत नाही. ‘उत्पन्न व्याजात’ एवढे दोन शब्द खतात पडले की ७६ व्या कलमातील कुळाच्या हिताचा मुख्य भाग गळून जाई.

या दोन शब्दांची किंमत एका कल्पित उदाहरणाने मोजता येते. समजा, ३०० रुपयांस शेत ताबेगहाण आहे, व्याज दरसाल दर शेकडा १२ आणि सारा व खर्च वजा जाता शेताचे निव्वळ उत्पन्न ४५ रुपये. पहिल्या वर्षीचे व्याज ३६ रुपये. उरलेले ९ रुपये मुदलात वजा पडतात. दुसऱ्या वर्षी व्याज २९१ रुपयांवर चढते, म्हणून वजा पडणारी रक्कम थोडी वाढते. याच रीतीने हिशेब चालू ठेवला तर पंधराव्या वर्षी कर्ज पूर्ण फिटते आणि शेत मोकळे होते. न्यायालयाने व्याजाचा दर शेकडा ९ वर आणला तर तेच कर्ज अकराव्या वर्षी फिटते. परंतु ‘उत्पन्न व्याजात’ असा करार असेल तर पंधरा वर्षांनी मुद्दल ३०० रुपये, तीस वर्षांनी ३०० रुपये आणि साठ वर्षांनीही ३०० रुपयेच राहते. यात सावकाराने एक पैचीही खोटी नोंद केलेली नाही. प्रामाणिक सावकाराच्या हाती सुद्धा जमीन पिढ्यान् पिढ्या अडकून राही, याचे कारण येथे आहे. व्याजदराच्या मर्यादेवर भर देणाऱ्या सुधारकांच्या लिखाणात या मुद्द्याची उपेक्षा झालेली दिसते, हे नवलच म्हणावे लागेल.

साठ वर्षांचा उल्लेख सहज केलेला नाही. १९०८ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे गहाण सोडवून घेण्याच्या दाव्यास साठ वर्षांची मुदत होती. आजोबाने ठेवलेले गहाण नातवाने सोडवावे एवढा तो अवधी. तथापि इतक्या काळानंतर मूळ खत, साक्षीदार आणि हद्दी यांचा मेळ घालणे नातवास क्वचितच साधे. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीचे पत्रक सुरू होईपर्यंत शेतावर कोणाचा काय हक्क आहे याची गावात सहज पाहावयास मिळणारी सरकारी नोंद नव्हती. नोंदणी कचेरीतील नक्कल आणि सावकाराची वही एवढाच पुरावा असे. तलाठ्याच्या दप्तरात ‘इतर हक्क’ म्हणून गहाणाची नोंद होऊ लागली, तेव्हा कुळाला निदान गहाण अस्तित्वात आहे एवढे तरी सावकाराला न विचारता कळू लागले. किती फिटले हे मात्र त्या पत्रकातूनही कळत नसे.

सरकारने या क्षेत्रात प्रथम लक्ष घातले ते १८७५ च्या उठावामुळे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. त्यांचा रोख खते व वह्या हस्तगत करून जाळण्याकडे होता, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. लोकांना धान्यापेक्षा कागद नष्ट करावयाचा होता. चौकशी आयोगाच्या अहवालानंतर १८७९ चा १७ वा, म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्यांच्या दुःखनिवारणाचा कायदा झाला. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या महत्त्वाच्या तरतुदी खानदेशासह इलाख्याच्या इतर भागांस लागू करण्यात आल्या. त्यामुळे भडगावच्या शेतकऱ्याला हे संरक्षण पुण्याच्या शेतकऱ्याहून सुमारे पाव शतक उशिरा मिळाले. मधल्या काळात १८९६–९७ आणि १८९९–१९०० चे दोन दुष्काळ होऊन गेले होते.

या कायद्याचे वैशिष्ट्य असे की त्याने खताच्या पाठीमागे जाण्याचा अधिकार न्यायाधीशास दिला. खतावर आकडा काहीही असो, व्यवहार प्रथमपासून तपासावा, व्याजाचे मुद्दलात रूपांतर करून वाढविलेली रक्कम सोडून द्यावी आणि नवा हिशेब मांडावा, असा त्याचा दंडक होता. उत्पन्न हिशेबाविना व्याजात धरण्याचा करार न्यायालयास बाजूला सारता येई आणि वाजवी दराने व्याज आकारता येई. १५-ड या कलमाने शेतकऱ्याला गहाण सोडवून घेण्याची ऐपत नसतानाही केवळ ‘किती देणे राहिले’ एवढे ठरवून मागण्याचा दावा आणण्याची मुभा दिली. हे कलम त्या कायद्याचे मर्म होय. इतर कायद्यांत हिशेब मागावयाचा तर पैसे घेऊन सोडवणुकीच्या दाव्याची तयारी करूनच यावे लागे. येथे हिशेब हाच स्वतंत्र हक्क मानला गेला. १५-ब कलमाने देणे हप्तेबंदीने फेडण्याची आणि ताबा सावकाराकडे असल्यास उत्पन्नाचा विनियोग कसा व्हावा हे ठरवून देण्याची सोय झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे या कायद्याखालील खास न्यायाधीश म्हणून काम करीत होते. त्यांच्या आर्थिक लेखनामागे या अनुभवाची बैठक आहे.

कारभार तिसऱ्याच्या हाती देण्याची कल्पना कायद्याच्या २२ व्या कलमात सर्वांत स्पष्टपणे आढळते. हुकूमनामा देताना न्यायालयाने कलेक्टरास सांगावे की, ऋणको व त्याच्या आश्रित कुटुंबाच्या निर्वाहास जी जमीन लागत नाही ती सात वर्षांपर्यंत ताब्यात घ्यावी आणि धनकोच्या फायद्याकरिता तिची व्यवस्था पाहावी. येथे प्रथमच कारभारी हा धनकोहून वेगळा झाला. कुटुंबाचा निर्वाह आधी, देणे नंतर, हा क्रमही कायद्याने मान्य केला. सात वर्षांनी जमीन परत, हे बंधनही होते. योजना म्हणून तिच्यात दोष काढणे कठीण आहे. परंतु ज्या अधिकाऱ्याने सारा वसूल करावयाचा त्यानेच कुळाचे खासगी कर्ज फेडण्यासाठी शेत खंडाने लावावयाचे, या दुहेरी भूमिकेत महसूल खात्याचा मूळ स्वार्थ गुंतलेला होता. शिवाय कलेक्टरचा हिशेब कोणी तपासावयाचा? जे कूळ सावकाराच्या ओट्यावर जाऊन वही दाखवा म्हणू शकत नव्हते, ते कचेरीत जाऊन तसे म्हणेल ही अपेक्षा धाडसाचीच होती. न्यायालयांचा कल हप्तेबंदीकडे अधिक झुकला यात आश्चर्य नाही.

या कायद्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. गहाणाचा हिशेब उकरला जातो हे पाहून सावकार गहाणाऐवजी खरेदीखत लिहून घेऊ लागला. बाहेरून विक्री, आतून गहाण. जमीन पैसे फेडल्यावर परत द्यावयाची हा तोंडी ठराव. कागदावर त्याचा मागमूस नाही. पुढे १०-अ हे कलम घालून, खरेदीखत हे वस्तुतः गहाणच आहे असे तोंडी पुराव्याने सिद्ध करण्यास परवानगी देण्यात आली. तरीही साक्षीदार सावकाराच्याच गावचे, त्याच्याच देण्यात गुंतलेले. संरक्षणाच्या कायद्याने कर्जदाराची जमीन काही प्रमाणात अधिक धोक्यात आणली, ही गोष्ट नाकारता येत नाही.

या पार्श्वभूमीवर पाचोऱ्याचा प्रयोग पाहावयास हवा. मुंबई इलाख्यात सहकारी भूतारण बँकांचा आरंभ १९२९ मध्ये झाला आणि पहिल्या तीन बँकांसाठी भडोच, धारवाड व पाचोरे ही ठिकाणे निवडण्यात आली. पंजाबात झंग येथे १९२० मध्ये असा प्रयत्न झाला होता, आणि शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ च्या अहवालात दीर्घ मुदतीच्या कर्जासाठी स्वतंत्र संस्थांचा पुरस्कार केला होता. ही तिन्ही ठिकाणे कापसाच्या मुलुखातील आहेत. जमिनीला बाजारभाव होता आणि जुनी गहाणे पुष्कळ होती. सोडवून घेण्याजोगे तारण व सोडवून घेण्याची गरज, दोन्ही येथे एकत्र होत्या. पाचोरे तालुक्यात भडगाव पेट्याचा समावेश असल्याने भडगावचा शेतकरी इलाख्यातील या पहिल्या प्रयोगाच्या कक्षेत आला.

बँकेची कार्यपद्धती सावकाराच्या पद्धतीच्या नेमकी उलट होती. सभासदाने अर्ज करावयाचा. हक्काची छाननी व्हावयाची. जमिनीचे मूल्यमापन होऊन साधारणतः किमतीच्या निम्म्यापर्यंत कर्ज मंजूर व्हावयाचे. जुने देणे फेडण्यासाठी कर्ज असेल तर पैसा सावकारास चुकता होई आणि जुने गहाण सुटून नवे गहाण बँकेच्या नावे होई. शेत कुळाच्या ताब्यातच राही. फेड दीर्घ मुदतीच्या ठरीव हप्त्यांनी असे. प्रत्येक हप्त्यात व्याज किती, मुद्दल किती हे आधीच छापील तक्त्यात ठरलेले असल्याने ‘किती राहिले’ या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी दावा लावण्याचे कारण उरले नाही. १५-ड कलमाने जो हक्क न्यायालयातून मिळवून द्यावयाचा होता, तो येथे व्यवहाराच्या घडणीतच बसविला गेला. या बँकेचे खरे महत्त्व स्वस्त व्याजापेक्षा येथे आहे.

तथापि या व्यवस्थेतही एक पडदा होताच. तालुक्याच्या बँकेजवळ स्वतःचे दीर्घ मुदतीचे भांडवल नव्हते. ते प्रथम मुंबईच्या प्रांतिक सहकारी बँकेमार्फत पुरविले गेले; वैकुंठलाल मेहता हे त्या वेळी तिचे सूत्रचालक होते. १९३५ मध्ये मुंबई प्रांतिक सहकारी भूतारण बँक स्थापन झाली, तेव्हा तालुका बँकांकडील गहाणखते तिच्याकडे वर्ग होऊ लागली आणि त्यांच्या आधारावर सरकारी हमीचे कर्जरोखे विकले जाऊ लागले. भडगावच्या शेताचे गहाण आता मुंबईतील रोखेधारकाच्या पैशाचे तारण झाले. सावकार निदान समोर दिसत असे. ज्याच्यासाठी हप्ता वसूल व्हावयाचा तो रोखेधारक कुळास कधीच दिसला नाही, आणि त्याला रोख्यावरील व्याज ठरल्या दिवशी मिळालेच पाहिजे होते. दुष्काळाच्या साली सावकार वसुली पुढे ढकलून वहीत व्याज वाढवीत असे. बँकेच्या तक्त्यात अशा सवलतीला स्वाभाविक जागा नव्हती.

या ताठरपणाची परीक्षा ताबडतोब झाली. बँक निघाली त्याच वर्षी जागतिक मंदीस सुरुवात झाली आणि पुढील दोन-तीन वर्षांत कापसाचे भाव निम्म्याच्या आसपास उतरले. चढ्या भावाच्या काळात ठरविलेले जमिनीचे मूल्य आणि त्यावर बांधलेला हप्ता, दोन्ही उतरत्या उत्पन्नाला जड झाले. हप्ता रुपयांत होता. कुळाचे उत्पन्न कापसात होते. पूर्वी एका गाडीने जे भागे त्यास दोन गाड्या लागू लागल्या. हिशेब स्वच्छ असला म्हणजे कर्ज हलके होते असे नाही, ही गोष्ट या वर्षांनी दाखवून दिली. याचा दोष मात्र हिशेबाच्या पद्धतीकडे जात नाही. दुसऱ्याच्या कर्जाचा कारभार हाती घेताना भावाच्या चढउताराचा भार कोणी सोसावयाचा, हे त्या करारात ठरलेलेच नव्हते.

मंदीनंतर कायद्याने पुन्हा हस्तक्षेप केला. १९३९ चा व नंतर १९४७ चा मुंबई शेतकरी ऋणको साहाय्य कायदा यांनी जुन्या कर्जांचा समग्र हिशेब घेऊन ती कर्जदाराच्या ऐपतीप्रमाणे कमी करावीत आणि हप्ते बांधून द्यावेत अशी व्यवस्था केली. ठरलेली रक्कम भूतारण बँकेने पुरवावी व कर्जदाराकडून हप्त्यांनी वसूल करावी, अशीही वाट त्यात होती. न्यायालयाचा हिशेब आणि बँकेचा हप्ता या दोन परंपरा येथे जुळल्या. पण त्यांचा व्याप किती लहान होता हे १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने उघड केले. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील या समितीत धनंजयराव गाडगीळ एक सदस्य होते. १९५१–५२ मध्ये शेतकऱ्यांनी घेतलेल्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के, आणि व्यावसायिक व शेतकरी सावकारांचा मिळून जवळ जवळ ७० टक्के, असे तिला आढळले. पाचोऱ्याच्या बँकेस तोपर्यंत दोन दशके उलटून गेली होती.

त्यानंतरच्या काळात भूतारण बँकांनी जुनी कर्जे फेडण्याचे काम हळूहळू सोडले आणि विहिरी, पंप, बांधबंदिस्ती यांसाठी कर्जे देण्यास प्रारंभ केला. त्यांचे नावही भूविकास बँक झाले. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने थकबाकीच्या प्रसंगी न्यायालयात न जाता गहाण जमीन विकण्याचा अधिकार त्यांना दिला. ज्या न्यायालयाने एके काळी कुळासाठी सावकाराची वही उघडली, ते आता मधून वगळले गेले, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. पुढे थकबाकीने याच बँका खचल्या आणि राज्य शासनाने त्या बंद करण्याचा निर्णय घेतला. २०२२ मध्ये शासनाने भूविकास बँकेच्या ३४,७८८ कर्जदारांची सुमारे ९६४ कोटी रुपयांची थकबाकी माफ केली, आणि सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ या रकान्यात अडकून राहिलेले बोजे उतरविण्याचा मार्ग मोकळा झाला.

ताबेगहाणाचा प्रश्न मात्र कायद्याच्या क्षेत्रात जिवंतच आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने गहाण सोडवून घेण्याची मुदत साठ वर्षांवरून तीस वर्षांवर आणली. त्यामुळे जुन्या ताबेगहाणांत तीस वर्षे लोटली की गहाणदार मालक होतो, असा दावा केला जाऊ लागला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सिंगराम विरुद्ध शिवराम या प्रकरणात तो अमान्य केला. ताबेगहाणात ही मुदत गहाणाच्या तारखेपासून धावत नाही. गहाणाची रक्कम उत्पन्नातून फिटते, किंवा बाकी रक्कम दिली अथवा न्यायालयात भरली जाते, तेव्हापासूनच ती सुरू होते, असा तो निर्णय आहे. म्हणजे मुदत केव्हा सुरू झाली हे सांगण्यासाठी उत्पन्नाचा हिशेबच पुन्हा मांडावा लागतो. आणि तो मांडण्याचे साधन, जुन्या खतांच्या बाबतीत, अद्यापि गहाण घेणाऱ्याच्या घराण्यातील वहीच असते.